नांदेडला लंगरात सेवा करायची तर भांड्यांपासून सुरुवात करा

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस नांदेडला येताय, घरात कुणी शीख नाही, मुलगा चौदा वर्षांचा आहे. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, म्हणजे सगळ्यांना मोफत जेवण देणाऱ्या स्वयंपाकघरात, सेवा करू देतील का आणि नाव कुठे द्यायचं, असं विचारलंय तुम्ही.

करू देतात. अकरा वर्षं जातेय, पण माझं नाव-गाव-जात अजून कुणी विचारलेली नाही. डोकं झाकलेलं हवं, चपला-मोजे बाहेर, हातपाय धुवून आत. आणि हो, घरातल्या पुरुषमाणसांचे खिसे आधी तपासा. आपल्या मराठवाड्यात तंबाखूची पुडी कुठल्या खिशात निघेल सांगता येत नाही, आणि तिथे ती अजिबात चालत नाही.

नवीन माणसाला पंगतीत वाढायची हौस असते. मलाही होती. पहिल्याच दिवशी पोळीची टोपली उचलली आणि एका आजोबांच्या ताटात पोळी टाकली. त्यांनी काही न बोलता ती बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. पोळी ओंजळीत द्यायची असते, तिला तिथे ‘परशादा’ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मागून एक सेवादार हसत म्हणाले, "बहनजी, पहले बर्तन."

तुम्हालाही माझं तेच सांगणं आहे. भांड्यांच्या हौदावर कुणी कुणाला शिकवत नाही, शेजारच्याचे हात बघून जमतं. स्टीलच्या ताटांचा आवाज इतका की गप्पा होतच नाहीत. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते, जमीन ओली असते, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असेल तर लसूण सोलायला बसा. मुलाला जोडाघरात पाठवा. लोकांच्या चपला घ्यायच्या, टोकन द्यायचं, परत येतील तेव्हा हातात ठेवायच्या. पहिल्या दिवशी तोंड वाकडं करेल. माझ्या भाच्याने केलं होतं.

दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असतं, गोदावरीचं पाणी घागरींनी आणून सचखंड, म्हणजे इथला मुख्य गुरुद्वारा, धुतात. बघा जरूर, पण तेव्हा सेवेला हात भरपूर असतात, नव्या माणसाची उगाच लुडबुड होते. दसऱ्याच्या ‘हल्ला’ मिरवणुकीला आणि होळीच्या हल्ला-मोहल्ल्यालाही तसंच. माणसं कमी पडतात ती साध्या मंगळवारी दुपारी. चारांपैकी एखादा दिवस सण उरकल्यावरचा ठेवता आला तर बघा.

पैसे द्यावे लागतील का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. इथल्या ‘लंगर साहिब’ नावाच्या लंगरची एक कथा सांगतात. बाबा निधान सिंग पंजाबात परत जायला निघाले होते, स्टेशनवर त्यांना गुरू गोविंदसिंगांचं दर्शन झालं आणि आज्ञा झाली: इथेच राहून लंगर चालव, हात तुझा, खिसा माझा. दानपेटी आहे, वाटलं तर टाका. मागणार कुणी नाही.

परतताना सचखंड एक्स्प्रेसने जाणार असाल तर सोबत एक डबा आणि पेला ठेवा. वाटेत स्टेशनांवर बादल्या घेऊन सेवादार उभे असतात, गाडी थोडाच वेळ थांबते आणि भांडं आपलं लागतं. तेवढ्या मिनिटांत गाडीच्या अख्ख्या डब्याला ते कसं वाढतात, हे मुलाला खिडकीतून बघू द्या.