इटलीचे एदुआर्दो दे फिलिप्पो नाटककार म्हणून मोठे की सिनेदिग्दर्शक म्हणून? आणि सुरुवात कशापासून करू?

नाटककार म्हणून, माझ्या मते तरी. सिनेमे त्यांनी स्वतः लिहिले, डिरेक्ट केले, त्यात कामंही केली, पण जीव कायम रंगमंचावरच होता. नेपल्सचं सान फेर्दिनांदो थिएटर युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं, ते घेऊन त्यांनी परत बांधलं, १९५४ मध्ये सुरू केलं आणि त्या खर्चापायी सिनेमातली कामं घेत राहिले. नाटक रक्तातच होतं म्हणा ना, वडील एदुआर्दो स्कार्पेत्ता तिथले नावाजलेले विनोदी नट, पण आईशी लग्न नव्हतं म्हणून मुलांनी आडनाव आईचं लावलं. १९३१ मध्ये बहीण तितिना आणि भाऊ पेप्पिनो यांच्यासोबत स्वतःची कंपनी काढली, पुढे पेप्पिनोशी फाटलं.

नाटक आणि सिनेमा यांतला फरक कळायला 'नापोली मिलिओनारिया' घ्या, १९४५ चं नाटक. युद्ध चालू आहे, नाटकाचा नायक जेनारो, त्याची बायको घरातूनच काळ्याबाजाराचा माल विकते, धाड पडली की माल पलंगाखाली आणि जेनारो वर मेल्याचं सोंग घेऊन पडलेला, भोवती रडारड. पोलिस अधिकाऱ्याला संशय असतोच, तेवढ्यात भोंगा वाजतो, बॉम्ब पडायला लागतात, लोक पळतात तरी हा हलत नाही आणि तो अधिकारीही जागचा उठत नाही. शेवटी तोच म्हणतो, ऊठ, अटक करत नाही. १९५० च्या सिनेमात हे सोंग जेनारोऐवजी तोतो या विनोदी नटाच्या पात्राकडे दिलंय. तोतो भन्नाटच आहे, हसून पोट दुखतं, पण सरळमार्गी माणसाला घरच्यांसाठी प्रेत व्हावं लागतं ही नाटकातली बोच तिथे निघून जाते, मला ते फार खटकतं.

तितिनासाठी लिहिलेल्या 'फिलुमेना मार्तुरानो'वरचा दिग्दर्शक दे सिकांचा सोफिया लॉरेनवाला सिनेमा बघाच, सुंदर आहे, पण सुरुवात त्याने करू नका. इटलीच्या सरकारी टीव्हीसाठी, म्हणजे राईसाठी, त्यांनी आपली बरीच नाटकं रेकॉर्ड केलीयेत, त्यातलं १९७७ चं 'नाताले इन काझा कुपिएल्लो' आधी बघा. बाप थंडीत ख्रिसमसचा देखावा मांडत बसलाय आणि मुलाला सारखं विचारतोय आवडला का, मुलगा हट्टाने नाहीच म्हणतो, आणि तो मुलगा झालाय एदुआर्दोंचा खरा मुलगा लुका. भाषा नेपल्सची बोली आहे त्यामुळे सबटायटल असलेलीच कॉपी शोधा.