पहिल्या बल्बने वीज वापरली, तर दुसऱ्या बल्बलाही तेवढीच धारा कशी मिळते?

तू विचारलं आहेस: "मी नववीत आहे. एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखीच असते असं पुस्तकात आहे. पण पहिला बल्ब वीज वापरतो ना? मग दुसऱ्याच्या वाट्याला कमी का येत नाही? आणि माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ का विझते?"

विज्ञान शिकवताना मला दिसतं की विभवांतर, धारा आणि रोध यांचं सूत्र तोंडपाठ असलेली मुलंही नेमकी इथेच अडतात, पण फार थोडी विचारतात. तू विचारलंस हे फार बरं केलंस.

बल्ब धारा वापरत नाही. तो ऊर्जा वापरतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

सेल इलेक्ट्रॉन तयार करून तारेत सोडतो असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन आधीपासून खच्चून भरलेले असतात; सेल त्यांना फक्त ढकलतो. सायकलची चेन डोळ्यांसमोर आण. पॅडल मारलं की सगळी चेन एकदमच सरकते. जेवढ्या कड्या चाकाकडे जातात तेवढ्याच परत येतात, चाकाने एकही कडी खाल्लेली नसते. तरी तुझ्या पायांची ताकद मात्र चाकापर्यंत पोचलेली असते. परिपथातही इलेक्ट्रॉन फिरत राहतात, आणि सेलमधली रासायनिक ऊर्जा बल्बच्या तारेत उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर पडते. सेल 'संपतो' तेव्हा त्याची ढकलण्याची क्षमता संपलेली असते, इलेक्ट्रॉन नव्हे.

1 ॲम्पिअर धारा म्हणजे दर सेकंदाला एका जागेवरून 6 वर 18 शून्यं, त्याहून थोडे जास्तच इलेक्ट्रॉन जाणं. पण 1 चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेतून एवढी धारा वाहत असताना इलेक्ट्रॉन सरासरी किती सरकतात? तासाला जेमतेम 26 सेंटिमीटर! तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण संपूर्ण परिपथातले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच क्षणी हलू लागतात. घरातल्या 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यात तर ते जागच्या जागी पुढे-मागे होतात. खांबावरून निघालेला इलेक्ट्रॉन तुझ्या पंख्यापर्यंत कधी येतच नाही.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. सेल ठरावीक धारा देतो आणि बल्ब ती वाटून घेतात, असं मुलं धरून चालतात. सेल देतो ते विभवांतर, म्हणजे ढकलण्याचा जोर, साधारण 1.5 व्होल्ट. धारा किती वाहील हे संपूर्ण परिपथ मिळून ठरवतो. एका बल्बला दुसरा बल्ब एकसर जोडलास की एकूण रोध वाढतो आणि धारा सगळीकडे कमी होते, पहिल्या बल्बच्या आधीसुद्धा. म्हणून दोन सारखे बल्ब सारखेच मंद दिसतात. माळेत एका बल्बची तार तुटली की वाटच बंद होते, म्हणून सगळे विझतात. 6 व्होल्टचे बल्ब 230 व्होल्टवर चालवायचे तर सुमारे 40 बल्ब एकसर जोडावे लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं विभवांतर येतं. घरातली उपकरणं मात्र समांतर असतात. प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात, आणि 1000 वॅटची इस्त्री लावली तरी शेजारचा दिवा चालूच राहतो. ती आपल्यापुरती सुमारे 4.3 ॲम्पिअर धारा वेगळी ओढते.

हे कळलं का, ते पाहायला एक कोडं. तारेचे दोन जुने बल्ब घे, 40 वॅटचा आणि 100 वॅटचा. एकसर जोडून 230 व्होल्ट दिले, तर कोणता जास्त उजळेल? 40 वॅटचा! त्याचा रोध सुमारे 1322 ओहम, 100 वॅटवाल्याचा 529. धारा दोघांतून एकच, त्यामुळे जास्त रोध असलेल्याच्या वाट्याला जास्त विभवांतर, सुमारे 164 व्होल्ट, आणि ऊर्जाही जास्त. प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा असतो, कारण 100 वॅटच्या बल्बची तार पुरेशी तापत नाही आणि थंड तारेचा रोध बराच कमी असतो. हे कागदावरच सोडव. घरच्या सॉकेटवर कोणताही प्रयोग करायचा नाही, कुणी मोठं माणूस सोबत असलं तरी नाही.

विभवांतर, धारा आणि रोध यांचा नियम शोधणारे जॉर्ज ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवत. त्या काळच्या विद्युतघटांचं विभवांतर स्थिर राहत नसे, मोजमापं घसरत. मग त्यांनी बिस्मथ हा धातू आणि तांबं यांचे सांधे वापरले: एक उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून विभवांतरही स्थिर. तेव्हा कुठे 1826 मध्ये आकडे जुळले. मला हे वर्गात सांगायला फार आवडतं, कारण सूत्राआधी किती खटाटोप असतो ते मुलांना दिसतं.

तू मात्र 1.5 व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे 2.5 व्होल्टचे दोन सारखे बल्ब, होल्डर आणि वायर एवढंच आण. एलईडी नको, तिला दिशा असते आणि ती तारेच्या बल्बसारखी वागत नाही. दोन्ही बल्ब एकसर जोड आणि मग त्यांच्या जागांची अदलाबदल कर. पहिला बल्ब धारा खात असता, तर जागा बदलल्यावर उजेडही बदलला असता. शाळेतला ॲमीटर मिळाला तर आधी, मध्ये आणि नंतर असा तीन ठिकाणी लाव. मग वायरच्या एका तुकड्याने एकाच बल्बची दोन्ही टोकं जोड. तो विझेल, आणि दुसरा? करण्याआधी अंदाज वहीत लिही, कारणासकट, आणि मग इथे प्रतिक्रियेत कळव. दोन्ही बल्बांची टोकं एकदम जोडू नकोस, सेल आणि वायर झटकन तापतात.