निबंध लेकीचा, प्रवचन तुमचं

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. (मायक्रोबायॉलॉजी) ७४ टक्क्यांनी पास झाली. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करायचं ठरवलं आहे. दोन विद्यापीठांनी अर्जासोबत 'वैविध्य, समन्याय आणि समावेशन यांत तुमच्यामुळे काय भर पडेल' यावर निबंध मागितला आहे. आमचं नगर जिल्ह्यातलं चौथ्या पिढीचं ख्रिस्ती कुटुंब. पणजोबा वेशीबाहेरच्या वस्तीतून मिशनच्या शाळेत गेले. ही 'डीईआय'ची (या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव) भाषा पवित्र शास्त्राला धरून नाही, असं अमेरिकेतले अनेक उपदेशक सांगतात. मी त्यांना नियमित ऐकतो. म्हणून निबंध मीच लिहून दिला आहे, सोबत जोडतो. तो तसाच पाठवावा, की फक्त ख्रिस्ती विद्यापीठांतच अर्ज करावा? अल्पसंख्याक म्हणून तिला तिथे काही कोटा मिळेल का? मध्यंतरी ती जामखेडच्या बाजूला चार महिने आरोग्याच्या सर्वेक्षणासाठी उन्हात भटकली, पण त्याचा इथे काही उपयोग नाही.
– एक वडील

सलाम साहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, निबंध तीनदा. निबंधात बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय आहे, कार्ल मार्क्स आहे, 'वोक' (सामाजिक अन्यायाबद्दल फार जागरूक असणाऱ्यांना टोमणा म्हणून लावतात तो) हा शब्द नऊ वेळा आहे. तुमची मुलगी कुठेच नाही. पत्रातही 'ठरवलं आहे' असं लिहिलंत, कोणी ठरवलं ते लिहिलं नाहीत. मार्कांची, विषय बदलण्याची काळजी मला वाटत नाही. मायक्रोबायॉलॉजीतून साथरोगशास्त्राकडे मुलं जातात, रुळतातही. मला काळजी वाटते ती एम.एस्सी. झालेल्या मुलीचा निबंध वडील लिहितात आणि 'तसाच पाठवावा का' एवढंच विचारतात, याची.

तुमच्या मताची टिंगल करणार नाही. मी ख्रिस्ती नाही, पण या वादाचं बरंच वाचलं आहे, आणि तुमच्या उपदेशकांच्या म्हणण्यात दम आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, म्हणून त्याची किंमत तो कोणत्या गटाचा यावरून ठरत नाही. पाप ज्याच्या त्याच्या अंतःकरणात असतं, ते वंशाच्या खात्यावर लिहिता येत नाही. न्याय करताना गरिबाची बाजू घ्यायची नाही आणि थोरामोठ्याचंही तोंड पाहायचं नाही, असं बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. मग 'समन्याय' म्हणजे सगळ्यांच्या पदरात सारखंच माप, असं कोणी म्हटलं की हे लोक थांबतात. कॅलिफोर्नियातले उपदेशक जॉन मॅकआर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये याच धर्तीचं निवेदन काढलं. सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या धर्मविद्यालयांच्या प्रमुखांनी २०२०मध्ये वंशविषयक 'क्रिटिकल' सिद्धान्त (वंशभेद कायद्यांत आणि संस्थांतच मुरलेला असतो असं मानणारा) आपल्या श्रद्धेशी जुळत नाही, असं जाहीर केलं. 'समावेशन' या शब्दाआडून विवाह आणि लिंगभाव यांबद्दलची नवी मतं मान्य करून घेतली जातात, हीही त्यांची तक्रार आहे, आणि ती अगदीच हवेतली नाही.

त्यांचा सगळ्यात टोकदार मुद्दा वेगळाच आहे. नोकरी हवी तर आधी आमच्या तत्त्वांवर विश्वास असल्याचं लिहून द्या, हा एक प्रकारचा श्रद्धासारच (चर्चमध्ये म्हणतात ती श्रद्धेची कबुली) झाला, असं ते म्हणतात. हे एकट्या चर्चवाल्यांनाच पटलं असं नाही. एमआयटीने मे २०२४मध्ये प्राध्यापकभरतीतली अशी निवेदनं बंद केली. सक्तीच्या निवेदनाने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा येते, असं तिथल्या अध्यक्षांनीच सांगितलं. पुढच्याच महिन्यात हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने तेच केलं. (गंमत अशी की व्हीटनसारख्या ख्रिस्ती कॉलेजात प्राध्यापकांना श्रद्धानिवेदनावर सही करावी लागते. सही कशावर हा वाद आहे, सही मागण्याचा नाही. असो.)

आता मला सांगा, सक्तीचं निवेदन वाईट, हे तुम्हाला इतकं पटलं आहे, तर लेकीच्या नावाखाली तुमचं निवेदन जातंय त्याला काय म्हणायचं? तिने ते मनापासून मान्य केलं असेलही. पण तसं तुमच्या पत्रात एका अक्षराने नाही. विद्यापीठाने न पटणारं लिहायला लावलं तर तो जुलूम, आणि बापाने लावलं तर संस्कार? आणि हे अर्जातही लपत नाही. निवड समितीवरच्या माणसांनी असे शेकडो निबंध वाचलेले असतात. साठीच्या गृहस्थाचा आवाज विशीतल्या मुलीच्या तोंडी आला की दुसऱ्या ओळीला कळतो. शिवाय अर्जावर सगळं लेखन स्वतःचं आहे अशी सही तिला करायची आहे. देवापुढे खरं बोलण्याबद्दल तुम्ही निबंधात एक अख्खा परिच्छेद लिहिला आहे, म्हणून हे आठवण करून दिलं.

कोट्याचा प्रश्न. निबंधाच्या पहिल्या पानावर कोटा म्हणजे पाप आणि पत्राच्या शेवटी 'काही कोटा मिळेल का', हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. पण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं की अमेरिकेत 'डायव्हर्सिटी' म्हणजे आपल्याकडच्या राखीव जागा. तसं नाही. विद्यापीठांतले वंशनिहाय राखीव आकडे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'बॅकी' (Bakke) नावाच्या खटल्यात १९७८मध्येच मोडीत काढले. त्यानंतर वंश ही 'अनेक बाबींपैकी एक बाब' म्हणून उरली होती, तीही हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात २९ जून २०२३ला गेली. अर्जदाराने वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे स्वतःच्या गोष्टीतून सांगितलं तर ते वाचायला मात्र मुभा आहे, असं त्याच निकालात लिहिलं आहे. आणि तुमची मुलगी परदेशी विद्यार्थिनी. तिथल्या सरकारी आकडेवारीत परदेशी विद्यार्थ्यांचा रकानाच वेगळा असतो, त्यात वंश मोजत नाहीत. ख्रिस्ती म्हणून ती इथे अल्पसंख्याक असेल, विमानातून उतरली की बहुसंख्याक. कोटा विसरा.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता या विषयात बऱ्याच ठिकाणी लागत नाही, टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षा लागते, मुदती १ डिसेंबरपासून सुरू होतात. हे सगळं तिला माझ्याहून चांगलं माहीत असणार.

मला तुमच्या निबंधातलं एकच वाक्य सारखं टोचतंय : 'आमच्यात जात नाही, ख्रिस्तात सर्व एक आहेत.' बायबलातल्या गलतीकरांस पत्राचा आधार घेऊन तुम्ही ते लिहिलंत. उपासनेतलं वाक्य म्हणून ते सुंदर आहे. पण मंडळीत सोयरीक जुळवताना 'मूळचे कुठले' हे कोणी विचारतच नाही का? पणजोबा वेशीबाहेरून आले हे तुम्हीच लिहिलंत, पत्रात मला, निबंधात नाही. आणि सरकार तर तुमच्या वाक्यावर बोट ठेवूनच हक्क नाकारतं. अनुसूचित जातींचा १९५०चा आदेश हिंदूंपुरता होता, १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. या प्रश्नावर दलित ख्रिस्ती संघटना कित्येक वर्षं कोर्टात आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की बाप्तिस्म्याने गावाने वागणं बदललं नाही. तुम्ही ऐकता ते उपदेशक बोलतात त्यांच्या गोऱ्या-काळ्याच्या भांडणातून. सदर्न बॅप्टिस्ट हा पंथच १८४५मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही या वादातून वेगळा झाला, आणि त्याने माफी मागितली ती १९९५मध्ये. त्यांचे प्रश्न त्यांनी त्यांच्या इतिहासातून सोडवावेत. तुमच्या घरचा इतिहास वेगळा आहे आणि त्याला त्यांचे शब्द बसत नाहीत, बाजूचेही नाहीत आणि विरोधातलेही नाहीत.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पुन्हा वाचा असं सुचवतो. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी 'ख्रिस्तात सगळे एक' म्हणून ती उडवून लावली नाही. सात माणसं नेमली, आणि सातांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांतलीच. याला काय नाव द्यायचं ते तुमच्या पाळकसाहेबांना विचारा.

ख्रिस्ती विद्यापीठांबद्दल. पाटी पाहून निवडू नका. बॉब जोन्स विद्यापीठाने १९७१पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना घेतलंच नाही आणि आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरची बंदी उठवली थेट २००० साली. शास्त्राचाच आधार देत होते. उलट लोमा लिंडा ही ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची संस्था, तिचं सार्वजनिक आरोग्याचं स्कूल चांगलं आहे, तिथे जरूर अर्ज करावा. पण विषयाला मार्गदर्शक कोण आहे हे पाहून.

खरी अडचण तुम्ही विचारलीच नाहीत : पैसा. या विषयातल्या पीएच.डी.चा खर्च बहुधा मार्गदर्शकाच्या अनुदानातून निघतो. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी डीईआयविरोधी आदेश काढले, आणि त्या वर्षी एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने जी अनुदानं थांबवली त्यांत आरोग्यातल्या विषमतेवरची कितीतरी होती. कोर्टकज्जेही झाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने मार्च २०२५मध्ये अमेरिकी सरकारचे परदेशी मदतीचे पैसे थांबल्यावर दोन हजारांहून जास्त नोकऱ्या कमी केल्या. म्हणजे ज्या शब्दांच्या पराभवावर तुम्ही 'आमेन' म्हणत आहात, त्या झटापटीत तुमच्या मुलीच्या विषयातल्या जागाही गेल्या आहेत. म्हणून प्रत्येक मार्गदर्शकाला आधी मेल करून 'यंदा विद्यार्थी घेणार का' हे तिने विचारावं, आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हे पर्यायही हाताशी ठेवावेत.

आणि आता ती 'उन्हात भटकली' ही अर्धी ओळ. अहो, हाच निबंध आहे! तुम्ही जामखेड लिहिलंत आणि पुढे गेलात. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य, दोघं वेल्लोरच्या त्याच कॉलेजातले, पुढे हॉपकिन्सला शिकून आलेले. त्यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्याच बायका, पुष्कळशा निरक्षर, कितीतरी दलित, यांना आरोग्य सेविका केलं. सवर्णांच्या घरचं बाळंतपण यांतली दलित बाई करायला लागली. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे ज्याला पाणी हवं त्याने तिथे यावं. १९७९मध्ये मॅगसेसे मिळालं. जगभरचे लोक हे शिकायला जामखेडला येतात, आणि तुमची मुलगी त्याच भागात चार महिने दारोदार फिरली. कोणत्या दारात तिला पाणी विचारलं, कोणत्या दारात आडनाव विचारलं, ते तिला माहीत आहे. ना तुम्हाला माहीत, ना मला, ना कॅलिफोर्नियातल्या उपदेशकाला.

तिने ते ५०० शब्दांत लिहावं. 'वैविध्य' हा शब्द वापरायची गरज नाही, त्याला विरोध करायचीही नाही. तुमच्यासारखीच तिलाही ती भाषा खटकत असेल तर एका वाक्यात सभ्यपणे लिहावं, त्याने कोणी अर्ज फेकत नाही. जायचंच नसेल तर तेही मला लिहावं. पहिला खर्डा मराठीत चालेल. मेल तिने स्वतःच्या पत्त्यावरून थेट मला करावा, आणि पाठवण्याआधी तुम्ही तो वाचू नये, एवढी अट आहे.

तुमचा निबंध परत पाठवतोय. दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आहे. मंडळीच्या मासिकाला द्या, स्वतःच्या नावाने.