रीक, रेक आणि हैदोस

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: गारपिटीच्या इंग्रजी बातमीत ‘रीक हॅवक’ येतं, म्हणजे नासधूस माजवणं. क्लासचे सर ‘रेक हॅवॉक’ वाचतात आणि भूतकाळ ‘रॉट’ सांगतात. बरोबर काय?

‘रेक हॅवॉक’ ऐकून कान किटले माझे. स्पेलिंग डब्ल्यू-आर-ई-ए-के, उच्चार रीक. जुना अर्थ सूड उगवणं. ‘रेक’ म्हणजे जहाज फुटणं, मोडतोड; त्यात ‘ए’ नाही, ‘सी’ आहे. वेबस्टरच्या कोशानं ‘रेक’ हा उच्चारही मागच्या दारानं आत घेतलाय. घेऊ दे बापडा, आपण कशाला जायचं त्या दारानं? आणि रीक ऐकून कुणी आर-डबल-ई-के लिहू नका, त्याचा अर्थ घाण वास सुटणं! भूतकाळ रीक्ट. ‘रॉट’ हे ‘वर्क’चं जुनं रूप, ‘रॉट आयर्न’मधलं, म्हणजे घडीव लोखंडातलं. पण इंग्रज ‘वर्क हॅवक’ असंही म्हणत आलेत, तेव्हा ‘रॉट हॅवक’ दिसलं की लाल पेन काढणारेही अर्धवटच.

खरी मजा पुढंच आहे. हॅवक ही मुळात आरोळी! सेनापतीनं ‘हॅवक’ ओरडलं की सैनिकांना लुटीची मोकळीक. स्कॉटलंडवर चाल करताना इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड यानं 1385 साली सैन्यासाठी नियम काढले, त्यात परवानगीशिवाय ही आरोळी देणाऱ्याचं मुंडकं उडवायची शिक्षा होती. लुटीची आरोळी गेली, नासधूस तेवढी शब्दाच्या अर्थात उरली.

आता आपला हैदोस घ्या. तीच गत! मोहरममध्ये सवारी निघाली की ‘हाय दोस्त! दुल्हा! दुल्हा!’ असा पुकारा व्हायचा. दुल्हा म्हणजे करबल्यात शहीद झालेला कासिम, परंपरेनं नवरदेव मानलेला. आमच्या परभणीकडं गावातली हिंदू लेकरंही अलाव्याभोवती, म्हणजे मोहरमच्या आगीच्या खड्ड्याभोवती, नाचायची. मीही नाचलोय, हातात मलिदा, पायाला राख. ओट्यावरून आजी ओरडायची, “बास झाला हैदोस, घरी ये!” तिच्या तोंडी शोकाचा ‘हाय दोस्त’ केव्हाच दंगा झालेला. ‘हैदोसधुल्ला’ म्हणताना आपण त्या नवरदेवालाही बरोबर नाचवतो, पत्ता नसतो एवढंच.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक हैदोस ‘हैदर’वरून काढतात. त्यातला ‘र’ गेला कुठं आणि ‘स’ आला कुठून, असं विचारलं की चहा मागवतात. चहा चांगला असतो, व्युत्पत्ती नाही.

आणि गोंधळ? तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालायचा म्हणजे संबळ, दिवटी, रात्रभर जागरण. आता वर्गात मास्तर नसला की पोरं गोंधळ घालतात. तिन्ही शब्द एका वाटेनं आले: आधी आवाज, मग नुसताच दंगा. क्रियापदाशी गाठही तशीच पक्की. हॅवकला रीक, हैदोसाला आणि गोंधळाला घालणे. ‘हैदोस केला’ म्हणून बघा, जीभच अडते.

हां, पोरी, तुझं राहिलंच. पेपरात ‘रीक्ट’ लिही. तपासणाऱ्याला ‘रॉट’ पटवायला मी काही लातूरला येणार नाही.