जुना कंपायलर 'स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग' (स्टॅकवरची मेमरी बिघडली तर प्रोग्रॅम थांबवणारा सुरक्षेचा पर्याय) ओळखत नसेल तर?
बिल्ड अडतोय म्हणून सुरक्षेचे पर्याय सरसकट काढू नका. 'स्ट्राँग' जीसीसी या कंपायलरच्या ४.९ आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर 'स्टॅक-प्रोटेक्टर-ऑल' लावा; प्रोग्रॅम थोडा मंदावेल, पण संरक्षण राहील.

आवृत्तीचे आकडे तपासत बसण्यापेक्षा कॉन्फिगर करतानाच प्रत्येक पर्याय छोट्या प्रोग्रॅमवर चालवून बघा, चालला तरच जोडा. चाचणीत वॉर्निंगला एरर मानायला सांगा, कारण क्लँग हा दुसरा कंपायलर काही पर्याय न वापरता नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो. लिंकही जरूर करा, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून पूर्ण प्रोग्रॅम बनवा. मेन फंक्शन रिकामं ठेवू नका: त्यात लोकल कॅरेक्टर अ‍ॅरे घेऊन त्यात काहीतरी लिहा. ते रिकामं असेल तर 'स्ट्राँग' तिथे तपासणीचा कोड घालतच नाही, आणि लिंकरची अडचण खऱ्या बिल्डपर्यंत लपून राहते.

चाचणीत न चालल्यामुळे गळलेला पर्याय लॉगमध्ये ठळक छापा.