तुम्ही विचारा: महिला शाखेतली मैत्री, मानपान आणि हिशेब

गेल्या अंकात व्यापारी संघटनांच्या महिला शाखांवर दोन ओळी काय लिहिल्या, टपालाचा ढीगच आला. एका पत्रात तर मजकूरच नाही, फक्त सहलीच्या हिशेबाची झेरॉक्स आणि त्यावर लाल शाईने तीन प्रश्नचिन्हं. अशाच एका शाखेत मी खुर्च्या मांडण्यापासून अध्यक्षपदापर्यंत सगळं केलेलं आहे, त्यामुळे उत्तरं पुस्तकी नसतील. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही. ज्यांची नावं गुप्त ठेवायची होती त्यांची ठेवली आहेत, म्हणजे सगळ्यांचीच.

ताई, यजमानांनी वर्षभरापूर्वी व्यवसाय सुरू केला आणि ते संघटनेचे सभासद झाले, म्हणून मी महिला शाखेत आले. मेळाव्याला गेलं की पहिला प्रश्न, “तुम्ही कुणाच्या?” फर्मचं नाव सांगितलं की मान डोलावतात आणि आपल्या घोळक्यात परत जातात. बसायच्या जागाही ठरलेल्या. जायचं सोडून द्यावं का?

सोडू नका, पण यापुढे पाहुणी म्हणून जाऊ नका. सचिवांना फोन करा आणि नोंदणीचं टेबल मागून घ्या. ते काम कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळेल. त्या टेबलापाशी प्रत्येकीला थांबावं लागतं, नाव सांगावं लागतं, सही करावी लागते. तासाभरात तुम्हाला सगळ्यांची नावं कळतात आणि सगळ्यांना तुमचा चेहरा. तेही नाही जमलं तर अर्धा तास लवकर जा. सभागृह लावताना बायका जितक्या मोकळेपणाने बोलतात, तितक्या कार्यक्रम सुरू झाल्यावर बोलत नाहीत.

आता पदाधिकाऱ्यांसाठी चार शब्द, कारण खरा प्रश्न त्यांचा आहे. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर बाईचं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि फर्मचं नाव लिहूच नका. बसायच्या जागा निदान एका कार्यक्रमाला चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या वेळी कुरकुर होईल, होऊ द्या. नवीन सदस्येला एक सोबतीण द्या. ती कार्यकारिणीतली नसावी, कारण कार्यकारिणी त्या दिवशी माइक आणि पाहुण्यांच्या मागे धावत असते. सोबतिणीचं काम एवढंच: आदल्या दिवशी फोन करायचा, दारात भेटायचं, शेजारी बसायचं. आणि कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास मोकळा ठेवा. पाहुण्यांचं भाषण, सत्कार, आभार यांनी दोन तास गच्च भरले की एकमेकींशी बोलायचं कधी? जिन्यात?

स्पर्धांबद्दल माझं मत जरा कडू आहे. बक्षिसं लावली की दहा-बारा हौशी बायका मंचावर जातात आणि बाकीच्या टाळ्या वाजवायला उरतात. दर वर्षी त्याच दहा-बारा. मिळून करायचं काही असेल तर ते आधी करा.

माझे यजमान गेल्या वर्षी वारले. मुलाला व्यवसायात रस नव्हता, म्हणून दुकान विकलं. यंदा सहलीची यादी फिरली, तीत माझं नाव नाही. विचारलं तर उत्तर आलं, “सभासदत्व साहेबांच्या नावावर होतं, ते संपलं. नियमच तसा आहे.” मी या शाखेची सचिव होते, ताई.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ बाजूला ठेवलं. रागात लिहिलेलं उत्तर छापायला पाठवू नये, असं संपादक सांगतात.

आधी नियमाचं पाहू. शाखेच्या घटनेची प्रत मागा. बहुतेक घटनांत “सभासदाची पत्नी” एवढंच लिहिलेलं असतं आणि सभासद गेल्यावर किंवा त्याने व्यवसाय बंद केल्यावर काय, याबद्दल अवाक्षर नसतं. घटनेत जे लिहिलंच नाही, ते कुणीतरी “नियम” म्हणून सांगत असतं. प्रत हातात आल्यावर तसंच निघालं, तर तुमची मैत्रीण असलेल्या एखाद्या सदस्येकडून घटनादुरुस्तीची सूचना लेखी द्या. मजकूर साधा ठेवा: एकदा सदस्य झालेली स्त्री, तिची इच्छा असेल आणि ती वर्गणी भरत असेल, तोवर सदस्य राहील. घटनादुरुस्तीला आधी नोटीस लागते आणि बहुधा साध्या बहुमतापेक्षा जास्त मतं लागतात, म्हणून सभेच्या तोंडावर नको, आधीच द्या. आणि वर्गणीची पावती तुमच्याच नावाने फाडायला सांगा. या शाखांमधली निम्मी दुखणी तिथूनच येतात. बाई वर्षानुवर्षं राबते, पण कागदावर तिचं सदस्यत्व नवऱ्याकडून उसनं घेतलेलं असतं.

इतर ठिकाणी पूरक शाखा, म्हणजे मुख्य संघटनेच्या सभासदांच्या घरच्या बायकांच्या शाखा, काय करत आल्या आहेत, तेही सांगते. अमेरिकेत डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची महिला शाखा १९२२ मध्ये स्थापन झाली. जॉर्जिया राज्यातल्या विंडर या छोट्या गावात युडोरा ब्राउन आल्मंड या डॉक्टरपत्नीच्या कल्पनेतून ३० मार्च १९३३ रोजी पहिला ‘डॉक्टर दिन’ साजरा झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १८४२ मध्ये याच दिवशी डॉ. क्रॉफर्ड लाँग यांनी रुग्णाला बेशुद्ध करण्यासाठी ईथर वापरून शस्त्रक्रिया केली होती. त्या दिवशी बायकांनी दोन गोष्टी केल्या: डॉक्टरांना आणि त्यांच्या पत्नींनाही शुभेच्छापत्रं पाठवली, आणि वारलेल्या डॉक्टरांच्या कबरींवर फुलं ठेवली. गेलेल्या सभासदांची आठवण पहिल्याच कार्यक्रमात होती. तुमच्या शाखेने गेलेल्याची आठवण ठेवणं तर सोडाच, मागे राहिलेल्या सचिवबाईंचंच नाव खोडलं.

शाखेतल्या इतरांनीही हे वाचावं. कुणी गेलं की पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागते, तेव्हा दारात कुणी नसतं. त्या महिन्यासाठी फोन करणाऱ्यांची यादी करा. धंद्याच्या बाबतीत तर शाखेइतकी मदत नातेवाईकही करू शकत नाहीत. कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे, कोणता माल परत जाऊ शकतो, कोणत्या कागदावर सही करण्याआधी थांबावं, हे त्याच व्यवसायातल्या घरची बाई वही घेऊन शेजारी बसली तर दोन दुपारींत उलगडतं. मात्र जिचं घर ते दुकान विकत घेऊ पाहतंय किंवा त्या दुकानाचं देणं लागतंय, तिने या कामातून लांब राहावं.

आणि तुम्ही, बाई, सहलीला जा. पण त्याआधी काम मागा. सचिवपदाचा अनुभव असलेली बाई कुठल्याही शाखेला हवीच असते, हे त्यांना विसरू देऊ नका.

मी मुख्य संघटनेचा पदाधिकारी आहे. महिला शाखेच्या सहली, खेळ, स्नेहमेळावे यांना आम्ही दर वर्षी अनुदान देतो. यातून व्यापाराला नेमकं काय मिळतं? अनुदान बंद करण्याचा ठराव येत आहे. आपलं मत?

दादा, मुख्य संघटनेच्या वार्षिक भोजनातून व्यापाराला काय मिळतं, तेही त्याच ठरावात घाला. मग दोन्हींवर एकदम मत देता येईल.

आता गंभीरपणे. व्यापारी नव्हे, कामगारांच्या संघटनेचं उदाहरण देते, पण ते इथे चपखल बसतं. अमेरिकेत रेल्वेच्या पुलमन शयनयान डब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. संघटनेत आहे असा संशय आला तरी नोकरी जायची, कंपनीचे खबरे सगळीकडे होते. पोर्टर उघडपणे सभेला जाऊ शकत नसत, तेव्हा काम बायकांनी उचललं. वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर ही एका पोर्टरची बायको पोर्टरांच्या घरोघर फिरली, पत्रकं पोचवली, वर्गणी जमवली. नवऱ्याला कामावरून काढल्यावर ही थेट अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली, टेबलावर हात आपटला आणि त्याची नोकरी परत मिळवून आली. ठिकठिकाणच्या महिला शाखा मेळावे आणि नाचाचे कार्यक्रम करून निधी उभा करत. कंपनीने करारावर सही केली १९३७ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. एवढा काळ कुटुंबं एकमेकांना धरून राहिली, ती काही नुसत्या घोषणांवर नव्हे. ज्यांच्या घरी आपण एरवी जातो-येतो, त्यांच्यावर अडचणीच्या काळात भरवसा टाकता येतो.

तुमच्या सभासदांवर असा प्रसंग न येवो. पण बाजारात मंदी आली, आग लागली, एखादा सभासद कर्जात बुडाला, तर घरातली खरी परिस्थिती आधी कुणाला कळेल? तुमच्या कार्यकारिणीला नक्कीच नाही. अनुदान द्या, आणि हिशेब जरूर मागा.

आमच्या मेळाव्याहून घरी आलं की यजमान विचारतात, “अमक्याच्या मिसेस काय म्हणाल्या? त्यांचा नवा भाव काय? माल कुठून उचलतात?” मला फार अवघड होतं. परवा तर एकीने उघडच सुचवलं, “आपले सगळे मिळून एकच दर का लावत नाहीत?”

अवघड वाटतंय ते बरोबरच आहे. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की एकाच धंद्यातली माणसं मौजमजेसाठी जमली तरी गप्पांचा शेवट बहुतेक गिऱ्हाइकाविरुद्धच्या संगनमतात, नाहीतर भाव वाढवण्याच्या युक्तीत होतो. मौजमजेसाठी जमली तरी, हे लक्षात घ्या. आज बहुतेक देशांत प्रतिस्पर्ध्यांनी आपसात दर ठरवणं, बाजार वाटून घेणं हा कायद्याने गुन्हा किंवा दंडपात्र गैरवर्तन आहे, आणि ते सहलीच्या बसमध्ये ठरलं म्हणून त्याला सूट मिळत नाही. “मी फक्त निरोप पोचवला” हेही फारसं उपयोगी पडत नाही.

शाखेत एक संकेत पाडा: दर, सवलत, उधारीच्या अटी, गिऱ्हाइकांची नावं हे विषय कार्यक्रमात नाहीत. कुणी काढले तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावं, हसत थांबवलं तरी चालेल. दुसऱ्यांदा काढले तर हसू नये. यजमानांना सांगा, भाव हवा असेल तर बाजारात फिरा. प्रतिस्पर्ध्याच्या बायकोशी तुमची मैत्री टिकायची असेल, तर घरचा धंदा आणि ही मैत्री यांच्यामध्ये दार असावं आणि ते तुम्ही स्वतः लावावं.

मी खजिनदार आहे. आम्ही कार्यक्रम करून निधी जमवला. आता मुख्य संघटना म्हणते, “शाखा आमचीच, पैसा आमच्या खात्यात टाका.” त्यातून त्यांच्या समारंभाचा मंडप होणार अशी कुणकुण आहे.

निधी कशासाठी जमवतोय असं तुम्ही देणाऱ्यांना सांगितलं होतं? उत्तर पावतीवर किंवा निमंत्रणावर छापलेलं असेल. शिक्षणासाठी म्हणून घेतलेला पैसा मंडपाला गेला, तर देणाऱ्यांची फसवणूक होते. मग तो कुठल्याही खात्यात असो. ते कागद काढा आणि मुख्य संघटनेच्या खजिनदारांना दाखवा. बहुतेक वेळा खजिनदाराला खजिनदाराचं लवकर पटतं.

पुढच्यासाठी: शाखेच्या नावाने स्वतंत्र खातं काढता येतं का, हे संघटनेच्या घटनेत आणि तुमच्या हिशेबनिसाकडे तपासा. येत नसेल तर निदान वेगळं हिशेबशीर्षक आणि दोन सह्या, त्यातली एक शाखेची. मौजेचा पैसा आणि मदतीचा पैसा कधी एकत्र करू नका. सहलीला तूट आली म्हणून मदतनिधीला हात लावला की तो परत भरला जात नाही. प्रत्येक कार्यक्रमाचा हिशेब पुढच्याच सभेत वाचून दाखवा, सहा महिन्यांनी नाही. (लाल प्रश्नचिन्हंवाल्या बाईंनाही हेच उत्तर. तुमच्या झेरॉक्समध्ये ‘इतर खर्च’ ही रक्कम बसभाड्यापेक्षा मोठी आहे. तुमची प्रश्नचिन्हं योग्य जागी आहेत.)

आमच्याकडे व्यवसाय बायकोच्या नावावर आहे, संघटनेची सभासद तीच. मी नोकरी करतो. मेळाव्यांना मला जायला आवडेल, पण शाखा ‘महिला’ आहे. हसू नका.

हसले, पण थोडंच. तुमच्या प्रश्नाला जुना इतिहास आहे. मँचेस्टरच्या मार्गारेट गोल्डिंग या स्वतः उद्योजिका होत्या, पण रोटरीचं सदस्यत्व तेव्हा फक्त पुरुषांना होतं. मग रोटरीवाल्यांच्या घरच्या बायकांना एकत्र करून त्यांनी जानेवारी १९२४ मध्ये इनर व्हील सुरू केलं. बाई स्वतः व्यवसाय करायची आणि यायचं मात्र पूरक शाखेच्या दारातून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रोटरीत स्त्रियांना घेण्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर स्त्रियांना प्रवेश खुला केला. आता मालकीणबाई मुख्य संघटनेत आहेत आणि दाराबाहेर तुम्ही उभे आहात.

तुमच्या बायकोने मुख्य संघटनेच्या सभेत मागणी करावी की शाखेचं नाव ‘कुटुंब शाखा’ करावं. काही बायका विरोध करतील, आणि त्यांचं म्हणणंही ऐकून घ्या. पुरुष आले की माइक त्यांच्याकडे जातो, असा त्यांचा अनुभव असतो. तेव्हा अर्जात लिहून द्या की पहिली दोन वर्षं तुम्ही कुठलंही पद घेणार नाही आणि खुर्च्या उचलायला याल. मंजूर झालं तर कळवा.