वडिलांचा अडकलेला आयकर परतावा: भांडण तारखांशी नको, अर्ज करा

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे येथील वाचक भगिनी, डिसेंबर २०२५): माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले, वय ७४. आई आधीच गेलेली. बाबांचं उत्पन्न म्हणजे फक्त एफडीचं व्याज. पंधरा-एच फॉर्म (आपल्याला कर लागत नाही असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचं ते) द्यायचा राहिला म्हणून बँकेने २०१९-२० साली ४६,००० आणि २०२०-२१ साली ३३,००० रुपये टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आगाऊ कर, कापला. दोन्ही वर्षांची रिटर्न राहून गेली. त्या काळात आयकर खात्याच्या वरिष्ठांनी तारखा इतक्या वेळा बदलल्या आणि नवं पोर्टल इतकं अडत होतं की सामान्य माणसाने करायचं काय? आता जो तो म्हणतो, मुदत संपली. सुप्रीम कोर्टाने कोरोनात मुदती थांबवल्या होत्या ना? आमचे कर सल्लागार अपडेटेड रिटर्न भरा म्हणतात. मला तर केंद्रीय प्रत्यक्ष कर बोर्डाच्या अध्यक्षांनाच वकिलाची नोटीस पाठवायची आहे. एफडी आम्ही ऑगस्ट २०२१ मध्ये मोडल्या. भाऊ पुण्याला असतो.

उत्तर: ताई, बाबांचे ७९,००० रुपये अजून बुडालेले नाहीत. पण यातल्या ४६,००० रुपयांसाठी तुमच्याकडे फक्त ३१ मार्च २०२६ पर्यंतचा वेळ आहे, म्हणून नोटिशीचा विषय आधी बाजूला ठेवा.

तुमचा राग खोटा नाही. २०१९-२० च्या रिटर्नची मूळ तारीख ३१ जुलै २०२० होती. ती आधी ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर आणि शेवटी १० जानेवारी २०२१ झाली. ही शेवटची वाढ जाहीर झाली ३० डिसेंबरला, मुदत संपायला एक दिवस उरला असताना. उशिरा भरायच्या रिटर्नचं तर आणखी विचित्र झालं. ती मुदत ३१ मार्च २०२१ ला संपली आणि महिनाभराने, ३० एप्रिलच्या परिपत्रकाने, मागाहून ३१ मेपर्यंत वाढवली गेली. ज्या घरात एप्रिलमध्ये माणूस गेलं त्या घराला ही वाढ कळणार तरी कशी? पुढच्या वर्षीची तारीख ३१ जुलै २०२१ वरून ३० सप्टेंबर आणि तिथून ३१ डिसेंबरवर गेली, उशिराच्या रिटर्नची ३१ मार्च २०२२ वर. मे २०२१ अखेर बोर्डाचे अध्यक्ष निवृत्त झाले, कार्यभार एका सदस्याकडे अतिरिक्त म्हणून आला आणि ७ जूनला नवं पोर्टल सुरू झालं. ते इतकं अडखळत होतं की २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून खुलासा मागितला. हे सगळं नोंदीवर आहे.

तरीही या नोंदींवर दावा उभा राहत नाही. आयकर कायद्याचं कलम २९३ सद्भावनेने केलेल्या कामासाठी सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर दावा करू देत नाही, आणि तारखा वाढवणं किंवा न वाढवणं हे त्यातच येतं. आपल्याच गुजरात उच्च न्यायालयात जानेवारी २०२१ मध्ये कर सल्लागारांच्या महासंघाने मुदतवाढ मागितली होती. कोर्टाने ८ तारखेला निवेदनावर निर्णय घ्यायला सांगितलं, ११ तारखेला बोर्डाने नकार दिला आणि १३ तारखेला कोर्टानेही मुदत वाढवण्याचा आदेश दिला नाही. ऑडिट रिपोर्टच्या उशिराबद्दल बोर्डाने नरमाईने विचार करावा, एवढंच सुचवलं. संघटनेला जे मिळालं नाही ते एका नोटिशीने मिळणार नाही. वर सरकारला नोटीस दिली की दोन महिने थांबावं लागतं, आणि तुमच्या हातात मोजकेच महिने आहेत.

सुप्रीम कोर्टाचा आदेश खरा आहे. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. पण तो दावे, अपिलं, याचिका आणि अर्जांसाठी होता, रिटर्न भरण्यासाठी नव्हता. क्षणभर तो लागू धरला तरी १ मार्च २०२२ पासूनचे ९० दिवस मे २०२२ मध्येच संपतात. अर्जात हा मुद्दा घालू नका. चुकीचा आधार घेतला की बरोबर आधारही हलका होतो.

अपडेटेड रिटर्नचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. ते रिटर्न कर भरण्यासाठी आहे. त्यात परतावा मागता येत नाही आणि आधीचा परतावा वाढवताही येत नाही. पोर्टलवर ती खिडकी उघडी दिसते म्हणून लोक तिकडे वळतात आणि त्यात महिने जातात.

तुमचा रस्ता कलम ११९(२)(बी) चा आहे, म्हणजे विलंब माफीचा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या ११/२०२४ या परिपत्रकाप्रमाणे परताव्याचा असा अर्ज कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो. आधी ही मर्यादा सहा वर्षांची होती, आणि अनेक जण अजून जुना हिशेब धरून बसतात. कर निर्धारण वर्ष म्हणजे उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष, म्हणून २०१९-२० चं कर निर्धारण वर्ष २०२०-२१. ते ३१ मार्च २०२१ ला संपलं, म्हणून शेवटची तारीख ३१ मार्च २०२६. दुसऱ्या वर्षाची ३१ मार्च २०२७. दोन वर्षांचे दोन वेगळे अर्ज करा, पण दोन्ही आत्ताच द्या. एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयकर आयुक्त घेतात, त्यामुळे बोर्डापर्यंत जाण्याचं कारणच नाही.

आधी दावा पक्का करा. दोन्ही वर्षांचा फॉर्म २६एएस (बाबांच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र काढा. तुमच्या आकड्यांवरून २०१९-२० मध्ये टीडीएस १० टक्क्यांनी कापला गेला, म्हणजे व्याज सुमारे ४,६०,०००. पुढच्या वर्षी १४ मे २०२० पासून दर साडेसात टक्के झाला होता. व्याज तिमाहीला जमा होत असेल तर ते ४,४०,००० च्या आसपास येतं. ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी कलम ८०टीटीबीची ५०,००० ची वजावट काढली की उत्पन्न ४,१०,००० आणि ३,९०,००० उरतं. त्या वर्षांत ज्येष्ठांना तीन लाखांपर्यंत कर नव्हता. वरच्या रकमेवरचे ५,५०० आणि ४,५०० रुपये कलम ८७ए च्या सवलतीत जातात. कर शून्य, म्हणजे कापलेली सगळी रक्कम परत मागता येते. हा तक्ता अर्जाला जोडा. आयुक्त उशिराचं कारण बघतात तसा दावा खरा आहे की नाही हेही बघतात, आणि बऱ्याच अर्जांत हा दुसरा भाग कोराच असतो.

मग वारस नोंदणी. तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’मध्ये प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा पर्याय आहे, तिथे ‘मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस’ निवडा. महानगरपालिकेचा मृत्यूदाखला, बाबांचं आणि तुमचं पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो; हमीपत्र ऐच्छिक आहे. वारसाचा पुरावा म्हणून आपल्याकडे लोक तलाठ्याचा पेढीनामा (वंशावळीचा दाखला) लावतात आणि इथेच गाडी अडते. तो गुजरातीत असतो. पोर्टलला प्रादेशिक भाषेतल्या कागदाचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद नोटरी करून लागतो, नाहीतर विनंती परत येते. पेढीनामा अजून काढला नसेल तर बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, बाबांच्या खात्यावर तुम्ही नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार होतात असं पत्र मिळतं का बघा. तेही चालतं आणि लवकर मिळतं. भावाकडून ‘परतावा बहिणीच्या खात्यात जमा होण्यास हरकत नाही’ असं शपथपत्र पुण्यातच नोटरी करून मागवा.

अर्ज रेसकोर्स सर्कलच्या आयकर भवनात प्रधान आयुक्तांच्या नावे, दोन प्रतींत द्या. त्याआधी बाबांचं पॅन कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते पोर्टलवर तपासा, कारण अहवाल त्याच्याकडूनच मागवला जातो. तुमच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ३१ मार्चच्या आत अर्ज दिल्याचा तोच पुरावा. पोर्टलवरच्या ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’मध्येही तीच मागणी नोंदवा.

आता सगळ्यात अवघड भाग. ‘कोरोनामुळे उशीर झाला’ एवढ्या एका ओळीवर अर्ज टिकणार नाही. ३१ मे २०२१ पर्यंतचं कारण तुमच्याकडे भक्कम आहे. बाबांचा आजार, इस्पितळाचे कागद, एप्रिलमधला मृत्यू आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत संपलेली मुदत. ३१ मार्च २०२२ पर्यंतचंही सांगता येईल: वारस नोंदणीची अडचण, पोर्टलचा त्रास, स्क्रीनशॉट किंवा तक्रारीचा क्रमांक असेल तर तोही. पण एप्रिल २०२२ ते डिसेंबर २०२५ या पावणेचार वर्षांचं उत्तर बोर्डाच्या तारखांमध्ये नाही. ते तुम्हालाच द्यायचं आहे. टीडीएस कापल्याचं कधी कळलं? पेढीनाम्यासाठी कधी अर्ज केला? सल्लागाराने ‘आता काही होत नाही’ असं कधी सांगितलं, मेसेज आहे का? जे घडलं ते तारीखवार लिहा. कारण रचू नका. एखादी तारीख खोटी निघाली तर खरा दावाही संशयात जातो. रोजच्या रोज उशिराचा हिशेब कोणी मागणार नाही. काटेकोरपणापेक्षा न्याय महत्त्वाचा, हे सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या कातीजी निकालात सांगितलंय, आणि ‘खरी अडचण’ हे शब्द उदारपणे वाचावेत असं मुंबई उच्च न्यायालय मोटवानी प्रकरणात म्हणालंय. हे दोन निकाल पुरेत.

बोर्डावरचा राग अर्जात एका वाक्यात येऊ द्या: मुदती वारंवार बदलल्या, शेवटची वाढ मूळ मुदत संपल्यावर जाहीर झाली, त्या वेळी कुटुंब शोकात होतं. विशेषणं नकोत. वाचणारा अधिकारी त्याच खात्यातला आहे, त्याला तुमची अडचण दिसली पाहिजे.

निर्णय शक्यतो सहा महिन्यांत द्यावा असं परिपत्रक सांगतं, अर्ज मिळाला त्या महिन्याच्या अखेरपासून. तेवढ्यात काही झालं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार करा, वरिष्ठांविषयीची नाराजी मांडायची ती जागा आहे. अर्ज फेटाळला तर अपील नाही, अहमदाबादला उच्च न्यायालयात स्पेशल सिव्हिल अर्जी (रिट याचिका) करावी लागते. ७९,००० साठी तो खर्च परवडतो का, हे आदेशातली कारणं वाचून ठरवू. कारणच न देता फेटाळला असेल तर मी जा म्हणेन.

मंजूर झाला तर त्या-त्या वर्षाचाच आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म वापरून, कलम ११९(२)(बी) निवडून, आदेशाचा क्रमांक आणि तारीख भरून रिटर्न भरा आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. तुमचं बँक खातं आधीच प्रमाणित करून ठेवा. उशिराच्या दाव्यावर व्याज मिळत नाही, म्हणून कोणी सहा टक्क्यांचा हिशेब दाखवला तर विश्वास ठेवू नका.

एप्रिल ते ऑगस्ट २०२१ च्या व्याजावरचा टीडीएस यात मिसळू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतचं व्याज बाबांचं, पुढचं तुम्हा दोघांचं. माफीच्या अटींत हे उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या हातात करपात्र नसावं अशी अट आहे, आणि ती इथेच मोडेल. तो टीडीएस तुमच्या पॅनवर वळवण्यासाठी बँकेला वेगळं पत्र द्या. आणि दोन्ही परतावे खात्यात दिसेपर्यंत बाबांचं पॅन परत करू नका. आधारशी ते जोडलेलं होतं का हेही आजच तपासा, कारण निष्क्रिय पॅनवर परतावा निघत नाही. जोडलेलं नसेल तर मृत्यूदाखल्यासह ही गोष्ट अर्जातच लिहा.